पॉवर सप्लाय पारखताना या चुका टाळा

चवथीच्या आधी गेमिंग पीसी जोडणाऱ्यांची आमच्या फोंड्याच्या दुकानात झुंबड उडते. ग्राफिक कार्डावर महिनाभर खल करतात आणि पॉवर सप्लाय, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणारा डबा, शेवटच्या पाच मिनिटांत उरलेल्या पैशांत उचलतात.

त्यात "पंखा फिरला, म्हणजे सप्लाय चांगला" हा लाडका गैरसमज. मदरबोर्डला जाणाऱ्या 24 पिनी कनेक्टरमधली हिरवी वायर क्लिपने काळीला जोडायची आणि पंखा गरगरला की व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ टाकायचा. यातून सप्लाय चालू होतो एवढंच कळतं. रिकामी घागर कुणीही डोक्यावर घेऊन पळेल. मी प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्हींवर एकदम ताण टाकून अर्धा तास मशीन सोडून देतो, मग कनेक्टरच्या मागून मल्टिमीटरची टोकं घालून 12 व्होल्टची लाईन बघतो. 11.4 ते 12.6 ही एटीएक्सची, म्हणजे पीसीच्या सप्लायसाठीच्या मानकाची, नेहमीची मर्यादा. पण भार नसताना 12.1 आणि भार पडल्यावर 11.5 दाखवणारा सप्लाय नियमात बसला तरी माझ्या मशीनमध्ये बसत नाही. सॉफ्टवेअरमधल्या आकड्यावर भांडायला येऊ नका, तो मदरबोर्डच्या सेन्सरचा असतो. रिपल, म्हणजे व्होल्टेजमधली बारीक, वेगवान थरथर, मल्टिमीटरवर नीट कळत नाही, त्याला लहरी पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोपच हवा. 12 व्होल्टवर 120 मिलिव्होल्ट ही कमाल मर्यादा. तेव्हा ज्याने स्कोप लावून मोजलंय त्याचा रिव्ह्यू वाचा, खोका फोडणाऱ्याचा नको.

दुसरी चूक बघितली की माझं डोकं फिरतं. डिचोलीच्या एका पोराने जुना मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) सप्लाय काढून 850 वॉटचा नवा लावला. जुन्या केबल कॅबिनेटमध्ये छान बांधलेल्या होत्या, म्हणून त्या तशाच ठेवल्या. कंपनी तीच, मॉडेल वेगळं. बटण दाबलं, वास आला, एक एसएसडी आणि एक हार्ड डिस्क गेली. हार्ड डिस्कवर वडिलांनी वर्षानुवर्षं केलेलं गावच्या नाटकांचं शूटिंग होतं. "दादा, कनेक्टर तर बरोबर बसला!" बसणारच. ड्राइव्हकडच्या टोकाला पिनांचा क्रम ठरलेला असतो, सप्लायकडच्या टोकाला प्रत्येक उत्पादक आपल्या मर्जीने ठेवतो, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही तो वेगळा असू शकतो. मीटर लावून पाहिलं तर 5 व्होल्टच्या पिनवर 12 आले होते. केबल पुन्हा ओढायला तासभर लागला असता, तो वाचवला! मी प्रत्येक केबलवर चिकटपट्टी लावून मॉडेलचं नाव लिहितो. ओळख न पटलेली केबल कात्रीने कापून टाकतो, म्हणजे मोहच नको.

खोक्यावरचे वॉट वाचून थांबू नका. स्टिकरवर 12 व्होल्टचे अँपिअर बघा. 650 लिहिलेल्या सप्लायवर 38 अँपिअर असतील तर 12 व्होल्टवर जेमतेम 456 वॉट मिळतात, आणि प्रोसेसर नि ग्राफिक कार्ड जगतात त्याच लाईनवर.

खोक्यावरच्या '80 प्लस गोल्ड' या शिक्क्याचा अर्थ फक्त वीज कमी वाया जाते एवढाच. रिपल किंवा संरक्षण त्यात तपासत नाहीत. शिवाय ती चाचणी साधारण 23 अंशांत होते. एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या खोलीत, बंद कॅबिनेटमध्ये 23 अंश कुठून आणणार?

सप्लाय उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चारशेच्या आसपास व्होल्ट राहू शकतात.

आणि नवा सप्लाय 'करंट मारतो' म्हणून परत आणण्याआधी घरचं अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्या बहुतेकदा अर्थ तुटल्यामुळे, सप्लाय बिघडल्यामुळे नाही. आमच्याकडे चिऱ्याची जमीन, उन्हाळ्यात ती कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो. मी मार्चपासून अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओततो. जुन्या घरांत तर सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे कधीकधी वायरच नसते. ते काम इलेक्ट्रिशियनचं. त्याला आधी बोलवा, मग माझ्याकडे या.