मृगाआधी मातीचा नमुना काढा, पण बांधालगतचा नको

शेतकरी बंधू-भगिनींनो, रब्बीची रानं मोकळी झाली आहेत. माती परीक्षणासाठी नमुना काढायचे हेच दिवस. जूनमध्ये पेरणीची धांदल सुरू झाली की प्रयोगशाळेतही गर्दी होते. पेरणी उरकल्यावर हाती पडलेला अहवाल त्या हंगामाच्या बेसल डोसाला, म्हणजे पेरणीबरोबर द्यायच्या खताला, काही कामाचा नाही.

माझं कळकळीचं सांगणं एकच आहे, नमुना नीट काढा. मागच्या वर्षी शेजारच्या गावातल्या एका दादांनी युरियाच्या रिकाम्या गोणीत माती भरून आणली होती, तीही विहिरीजवळच्या उकिरड्यालगतची. अशा मातीत नत्र (नायट्रोजन) भरपूरच दिसणार आणि उरलेलं रान उपाशी राहणार.

रान एकसारखं असेल तर एकच नमुना पुरतो. पण वरची बाजू मुरमाड आणि खालची काळी असेल, तर दोन एकरांतही दोन नमुने वेगळे घ्या. झाडाखालची, बांधालगतची, शेणखताच्या ढिगाखालची आणि पाणी साचतं तिथली जागा सोडा. नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणी थांबा. वरचा काडीकचरा बाजूला सारून इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्या. आतली माती काढून टाका आणि खड्ड्याच्या कडेची दोन बोटं जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्या. जस्त, लोह तपासायचं असेल तर लोखंडी खुरप्याऐवजी लाकडी काठी आणि प्लास्टिकचं घमेलं वापरा. सगळी माती गोणपाटावर सावलीत वाळवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, उरलेली पुन्हा कालवा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. कापडी पिशवीत चिठ्ठी घाला: गट नंबर, मागचं पीक, पुढचं पीक, बागायत की कोरडवाहू.

पुढचं पीक लिहायचं कारण आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने अनेक पिकांसाठी समीकरणं बसवली आहेत. इतके क्विंटल उत्पादन हवं, जमिनीत इतकं अन्नद्रव्य आहे, तर वरून किती द्यायचं, हे त्यातून निघतं. आपल्याकडे शेजाऱ्याने दोन पोती डीएपी खत टाकलं की आपणही तेवढंच टाकतो. कोरडवाहू दोन एकरवाल्याला हा खर्च परवडत नाही.

अहवालात आधी सेंद्रिय कर्बाचा, म्हणजे कुजलेल्या पाल्या-शेणातून जमिनीत आलेल्या कार्बनचा, आकडा बघा. 0.40 टक्क्यांच्या खाली असेल तर जमीन भुकेली समजा. जस्त 0.6 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 0.6 भाग) कमी असेल तर हेक्टरी 20 ते 25 किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्या. स्फुरदयुक्त (फॉस्फरस असलेल्या) खतात ते कालवू नका.

सोयाबीनच्या बियाण्याला बुरशीनाशक आधी चोळा. रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देणारे जिवाणू) आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू शेवटी, प्रत्येकी 250 ग्रॅम 10 किलो बियाण्याला. बियाणं सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. पाकिटावर सोयाबीनचंच नाव आहे ना, तेवढं बघा. तुरीचा रायझोबियम सोयाबीनच्या मुळांवर गाठी धरत नाही.

कर्ब मात्र एका हंगामात वाढत नाही. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात रब्बी ज्वारीवर वर्षानुवर्षे प्रयोग झाले. तिथे निम्मा नत्र सुबाभळीच्या पाल्यातून आणि निम्मा युरियातून देणं चांगलं ठरलं. शेणखत विकत घ्यायला पैसा नसलेल्या घरासाठी हा मार्ग मला सगळ्यांत जवळचा वाटतो. सुबाभळीचं बी पसरून रानात तण होण्याची धास्ती असेल तर पाल्यासाठी बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा. त्याच्या वासामुळे जनावरं ताज्या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत. पहिला पाऊस मुरला की अंगठ्याएवढ्या जाडीची, हात-दीड हात लांबीची फांदी अर्ध्या मीटरवर रोवत जा. पहिलं वर्ष छाटू नका. दुसऱ्या पावसाळ्यात गुडघ्याच्या वर कापा आणि कोवळा पाला पिकाच्या दोन ओळींमध्ये पसरून ओल असतानाच कोळप्याने मातीआड करा.