१९७३-७४ ची अमेरिका समजून घ्यायचीय? पेट्रोलच्या रांगेपासून सुरुवात करा

सत्तरच्या दशकातली अमेरिका म्हटलं की सगळे वॉटरगेटपासून (राष्ट्राध्यक्ष निक्सनला गोत्यात आणणारं राजकीय हेरगिरीचं प्रकरण) सुरू करतात आणि तिथेच अडकतात, मी पण तेच केलं होतं, इतकी नावं येतात की चार दिवसात डोकं भणभणतं. माझं ऐकाल तर ऑक्टोबर १९७३ ते मार्च १९७४ एवढेच सहा महिने घ्या आणि फक्त पेट्रोलच्या टंचाईची बातमी धरून चाला.

आधी शब्द नीट करून घ्या. तिकडच्या पेपरात गॅस म्हणजे पेट्रोल. गॅलन म्हणजे साधारण पावणेचार लिटर. भाव वाचताना मात्र सावध, १९७३ ला गॅलन ३९ सेंटच्या आसपास आणि १९७४ ला ५३, हे वाचून वाटतं की १४ सेंटसाठी एवढा गोंधळ कशाला, पण त्या वेळचा एक डॉलर म्हणजे आजचे सहाच्या वर, आणि वर्षभरात एक तृतीयांशाहून जास्त वाढ झाली होती. आकडा नुसता बघू नका, टक्का काढा.

मग तारखा एका कागदावर लिहा. २० ऑक्टोबर १९७३ ला सौदी अरेबियाने अमेरिकेला तेल बंद केलं आणि त्याच दिवशी संध्याकाळी निक्सनने वॉटरगेटचा तपास करणाऱ्या कॉक्सना काढायला लावलं. आता सांगा पेपरात वर काय येणार? म्हणून म्हणते, मोठ्या मथळ्यावर थांबायचं नाही, आतली पानं, वाचकांची पत्रं, शाळेच्या बातम्या बघायच्या. २५ नोव्हेंबरला निक्सनने पंपवाल्यांना शनिवारी रात्री ९ पासून रविवारभर विक्री बंद ठेवायला सांगितलं, जानेवारीत हायवेवर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली.

रांगा का लागल्या हे समजायला थोडा वेळ द्या, कारण बहुतेक लोक 'अरबांनी तेल बंद केलं' एवढ्यावर सोडून देतात. सरकारने भावावर नियंत्रण ठेवलेलं आणि कुठे किती माल पाठवायचा ते १९७२ च्या विक्रीवरून ठरवलेलं. पण लोक घाबरून लांब फिरायला जाईनासे झाले, म्हणजे फिरायच्या ठिकाणच्या पंपांवर पेट्रोल शिल्लक आणि शहरात ठणठणाट! त्यात लोक अर्धी टाकी भरलेली असताना सुद्धा रांगेत उभे राहायचे, उद्या मिळेल न मिळेल म्हणून, आणि रांग अजून वाढायची.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर डॉक्युमेरिका नावाचा सरकारी फोटोंचा संग्रह शोधा, अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजकडे आहे, फुकट बघता येतो. ओरेगॉन राज्यातले फोटो आधी काढा. तिथे पंपावर झेंडे लावायचे, हिरवा म्हणजे सगळ्यांना मिळेल, पिवळा म्हणजे फक्त धंद्याच्या आणि इमर्जन्सीच्या गाड्यांना, लाल म्हणजे संपलं. नंबर प्लेटचा शेवटचा आकडा विषम असेल तर विषम तारखेलाच या, ही पद्धत पण तिथून सुरू झाली. एका फोटोत पाटी आहे, 'सॉरी, नो गॅस टुडे', मी त्यावर बराच वेळ थांबले होते.

आणि मुलांची बातमी चुकवू नका प्लीज. ६ जानेवारी १९७४ पासून वीज वाचवायला भर हिवाळ्यात घड्याळं एक तास पुढे केली, त्यामुळे सकाळी मुलं मिट्ट काळोखात शाळेला निघायला लागली, फ्लोरिडात अपघातात मुलं गेली. डिसेंबरात ७९ टक्के लोक या निर्णयाच्या बाजूने होते, फेब्रुवारीत ४२ टक्के राहिले. त्या आठवड्यांतली पालकांची पत्रं वाचा, कुठल्याही भाषणापेक्षा जास्त कळतं.

१८ मार्चला तेलबंदी उठल्याची बातमी आली की वाचन थांबवू नका. रांगा गेल्या पण जुना भाव काही परत आला नाही, आणि ५५ मैलांची मर्यादा पार १९९५ पर्यंत राहिली. ते झालं की थेट मे १९७९ चे कॅलिफोर्नियाचे पेपर उघडा, इराणच्या क्रांतीनंतरचे, तिथे परत रांगा आणि परत सम-विषम दिसेल, आणि या वेळी कुठलं पान आधी उघडायचं ते तुम्हाला माहीत असेल.