ट्रेकची ऑनलाइन नोंदणी: फॉर्म दहा मिनिटांत होतो, वेळ जातो पैशांचा मेळ घालण्यात

गूगल फॉर्म उघडा. नाव, व्हॉट्सॲप नंबर, वय, रक्तगट, घरच्या माणसाचा नंबर आणि बस कुठून पकडणार, एवढंच विचारा. आधार क्रमांक मागू नका, तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही. उत्तरं गूगल शीटला जोडा.

आता पैसे. 'क्यूआर कोड टाका आणि स्क्रीनशॉट मागवा' असं जो तो सांगतो. कृपा करून असं करू नका. फॉर्ममध्ये फाइल मागितली की भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन करावंच लागतं. मग लोक फॉर्म अर्धवट सोडतात आणि स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवतात. शिवाय स्क्रीनशॉट आला म्हणजे खात्यात पैसे आले, असं नाही.

मी हे भोगलंय. राजगडचा ट्रेक होता. पहाटे साडेपाचला स्वारगेटला ४० सीटची बस उभी आणि माणसं ४६. फॉर्म बरोबर ४० आले होते, पण दोघांनी चौघाचौघांचे पैसे भरून फॉर्म मात्र एकेकच भरला होता. स्क्रीनशॉटच्या ढिगात ते माझ्या लक्षातच आलं नाही. सहा जणांना परत पाठवावं लागलं. त्यातली एक मुलगी रात्रभर प्रवास करून कोल्हापूरहून आली होती. पाठीवर सॅक, हातात पाण्याची बाटली. पैसे परत केले, पण तिच्या गेलेल्या रात्रीचं काय?

तेव्हापासून मी यूटीआर मागतो. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला १२ अंकी क्रमांक असतो. फोनपेमध्ये तो 'यूटीआर' म्हणून दिसतो, गूगल पेमध्ये 'यूपीआय ट्रान्झॅक्शन आयडी' म्हणून. लोक हमखास त्याच्या शेजारचा, इंग्रजी अक्षरं असलेला दुसराच आयडी टाकतात. म्हणून प्रश्नाच्या वर नेमक्या क्रमांकाभोवती लाल चौकोन काढलेला फोटो लावा आणि 'रिस्पॉन्स व्हॅलिडेशन'मध्ये बाराच अंक स्वीकारायची अट घाला. ही अट विसरलात तर पुढचं सगळं हातानं तपासत बसाल.

सोबत आणखी दोन प्रश्न: पैसे कोणाच्या नावच्या खात्यातून गेले, आणि किती जणांचे. पोरगा वडिलांच्या खात्यातून भरतो, बँकेच्या स्टेटमेंटमध्ये वडिलांचं नाव येतं. फॉर्म मात्र माणशी एक, यूटीआर तोच असला तरी. मग शीटमध्ये 'काउंटइफ' लावा, म्हणजे एखादा क्रमांक किती वेळा आलाय ते मोजणारं सूत्र: चौघांचे पैसे असतील तर तो क्रमांक चारदा दिसलाच पाहिजे. कमी दिसला की लगेच फोन करा. हा मेळ रोज रात्री स्टेटमेंट समोर ठेवून घाला, आठवड्याचं साठवू नका.

फॉर्म भरल्यावर दिसणाऱ्या संदेशात 'सीट पक्की' असं चुकूनही लिहू नका. 'नोंद मिळाली, पैसे तपासून कळवतो' इतकंच लिहा. ४० सीटची बस असेल तर ३६ नावं पक्की झाली की फॉर्म बंद करा. उरलेल्या चार सीटा, पैसे भरलेत पण फॉर्म भरलेला नाही असे जे मागाहून सापडतात, त्यांच्यासाठी लागतात, त्यातूनही उरल्या तर प्रतीक्षायादीतल्यांना फोन करून द्या.