निवृत्तीनंतर तुटलेला माणसांचा राबता पुन्हा कसा सुरू करावा

निवृत्तीनंतर किंवा जुनी चाळ सोडून मुलाच्या नव्या संकुलात राहायला गेल्यावर माणसे दुरावतात ती सहसा भांडणाने नव्हे, तर त्यांच्याकडे जाण्याचे कारण उरत नाही म्हणून. चाळीत विरजण, वर्तमानपत्र, गेलेली वीज यांतून अशी कारणे आपोआप मिळत. बंद दारांच्या इमारतीत ती मुद्दाम काढावी लागतात. त्यामुळे ‘मित्र जोडायचे’ असा संकल्प करण्यापेक्षा एखादे काम काढून माणसाकडे जावे.

सुरुवात जुन्या ओळखींपासून करावी. अनेक वर्षे फोन न केल्याचा संकोच दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून खुलासे करीत बसू नये आणि ‘काय, विसरलात ना आम्हाला?’ हा आपल्याकडचा लाडका टोमणा कटाक्षाने टाळावा. त्याऐवजी, ‘अहो, आपल्या खात्याची महाबळेश्वरची सहल गेली होती, तिचे फोटो तुमच्याकडे आहेत का?’ असे काही विचारावे, ज्याचे उत्तर समोरच्याला सहज देता येईल. फोन ठेवण्यापूर्वी ‘गुरुवारी सकाळी येऊ का बघायला?’ असा वार ठरवून घ्यावा, कारण ‘कधीतरी भेटू’ याचा अर्थ सर्वांनाच ठाऊक असतो. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर फुलांचे सुप्रभात धाडणे याला संपर्क म्हणावे, असे मला वाटत नाही.

नव्या ओळखींसाठी एकच ठिकाण आणि एकच वेळ धरावी. ठाण्यात १८९३ साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारखे एखादे ग्रंथालय, ज्येष्ठ नागरिक संघ, किंवा डॉ. मदन कटारिया यांनी १९९५मध्ये मुंबईतील एका बागेत सुरू केलेल्या उपक्रमातून पसरलेले हास्यक्लब, यांपैकी जे घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असेल ते निवडावे. पहिले काही दिवस कोणी फारसे बोलणार नाही. त्याचा अपमान वाटून घेऊ नये. नुसते श्रोते होऊन मागच्या खुर्चीवर बसणाऱ्याची ओळख होण्यास फार वेळ लागतो, परंतु सतरंज्या घालणारा, वर्गणीच्या पावत्या फाडणारा किंवा सभासदांच्या वाढदिवसांची वही सांभाळणारा माणूस एखाद्या दिवशी आला नाही, तर लगेच चौकशी होते. असे एखादे किरकोळ काम स्वतःहून मागून घ्यावे.

घोळक्यात बोलणे नीट ऐकू येत नाही म्हणूनही अनेक जण जाणे बंद करतात आणि कारण मात्र गुडघ्यांचे सांगतात. तसे असेल तर आधी कानांची तपासणी करून घ्यावी.

बाहेर पडण्याची इच्छाच होत नसेल, झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेली असेल, तर हा प्रश्न केवळ सवयीचा नसण्याची शक्यता असते. अशा वेळी डॉक्टरांना भेटावे, किंवा केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. ही सेवा विनामूल्य असून चोवीस तास सुरू असते आणि तेथे मराठीतूनही बोलता येते.