गेम रिसेट होतोय? आधी प्रीसेटवरचा हात काढा

"काका, बाकी सगळं चालतंय, फक्त गेम मधेच रिसेट होतो." व्हिडिओ गेम पार्लरचं जुनं मशीन घरी आणलेल्या माणसाचा फोन याच वाक्याने सुरू होतो. दुसरं वाक्यही मला आता पाठ झालंय. "सप्लायचा प्रीसेट जरासा वाढवला, तेव्हा थांबलं." प्रीसेट म्हणजे पॉवर सप्लायवरची व्होल्टेज कमी-जास्त करायची बारीक खुंटी.

इथे मी डोक्याला हात लावतो.

आर्केड मशीनच्या सप्लायमधून गेमच्या सर्किट बोर्डाला तीन व्होल्टेज जातात. लॉजिकला, म्हणजे गेम चालवणाऱ्या चिपांना +५, आवाजाच्या अँप्लिफायरला +१२ आणि काही जुन्या बोर्डांना −५. यातलं +५ भलतं नाजूक. ७४ मालिकेच्या (टीटीएल) चिपांना ४.७५ ते ५.२५ एवढीच मुभा असते. माझ्या हाताखालून गेलेली बहुतेक मशिनं जामा वायरिंगची, म्हणजे १९८५ मध्ये जपानात ठरलेल्या ५६ पिनांच्या कनेक्टरची. त्यात +५ साठी चार पिना आहेत आणि ग्राउंडसाठी आठ. आता हिशोब करा. बोर्ड ४ अँपिअर ओढतोय आणि काळवंडलेल्या पिना, सैल स्क्रू, गंजका लग (वायरीच्या टोकाची पट्टी) असं सगळं मिळून वाटेत ०.१ ओहम जरी साठलं, तरी ०.४ व्होल्ट रस्त्यातच खलास. सप्लायच्या, वायरी जोडायच्या स्क्रूवर ५.०० दिसतील आणि बोर्डाला मिळतील ४.६०. मग गेम रिसेट होणार नाही तर काय?

म्हणून सप्लायच्या स्क्रूवर मोजून "पाच बरोबर येतायत" असं मला सांगू नका. बोर्डावर मोजा, तेही गेम चालू असताना. मी मीटर थेट चिपच्या पायांवर धरतो. १४ पायांच्या साध्या टीटीएल चिपला सहसा ७ नंबरवर ग्राउंड आणि १४ वर +५ असतं. आकडा कमी आला की मीटरची लाल पिन सप्लायच्या +५ स्क्रूवर आणि काळी बोर्डाच्या +५ वर ठेवतो. वाटेत किती गळतंय ते सरळ दिसतं. मग हेच ग्राउंडच्या वायरवर करायचं. ग्राउंड तपासायचं निम्म्या लोकांना सुचतच नाही, आणि माझ्या अनुभवात चोर तिथेच सापडतो.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. काही वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंद पडलेल्या पार्लरचं मशीन माझ्याकडे आलं. आत कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. हे नाव आमच्या गल्लीत कुणी कधी उच्चारलं नाही, आमच्यासाठी तो 'मुस्तफा'. गेम चालत होता, पण कनेक्टर खाऱ्या हवेने हिरवा पडलेला. मी हौसेने तो उतरवला, पिना साफ केल्या, ग्राउंडचे लग नवे बसवले आणि मोठ्या ऐटीत स्विच दाबला. दोन मिनिटं मुस्तफा दिसला. मग पडद्यावर रंगीत चौकटींचा कचरा, आणि बोर्ड गप्प.

मीटर लावला तेव्हा उलगडा झाला. पार्लरचा मिस्त्री दर पावसाळ्यानंतर प्रीसेट थोडा थोडा पिळत आला होता. स्क्रूवर ५.८ व्होल्ट होते. खराब कनेक्टर त्यातले ०.८ खात होता, त्यामुळे बोर्डाला बिचाऱ्याला बरोबर पाच मिळत होते. मी रस्ता साफ केला आणि आख्खे ५.७ आत सोडले. ७ व्होल्टपर्यंत चिप तग धरते असं डेटाशीट, म्हणजे चिपचं माहितीपत्रक सांगतं. तीस वर्षांची रॅम डेटाशीट वाचत नाही. दोन रॅम बदलून बोर्ड उठला, पण त्या शोधण्यात माझे चार रविवार गेले.

तेव्हापासूनची सवय सांगतो. कनेक्टरला हात लावण्याआधी प्रीसेट खाली, साधारण ४.८ वर. सगळं जोडून झालं की बोर्डावर मीटर धरून हळूहळू ५.०० ते ५.०५. त्यापुढे नाही. ५.०५ ला गेम चालत नसेल तर दोष प्रीसेटमध्ये नसतो. बोर्ड बदलला तरी हाच पाठ पुन्हा. ४ अँपिअर ओढणाऱ्या बोर्डासाठी पिळलेला सप्लाय दीड अँपिअरच्या बोर्डाला जास्त व्होल्ट देणार, कारण वाटेत गळती कमी.

अमेरिकेतल्या जुन्या अटारी मशिनांत तर हा पिळण्याचा उद्योग सर्किटच करतं. बोर्डावरून एक सेन्स वायर रेग्युलेटरकडे परत येते. बोर्डाला कमी पोचलं की रेग्युलेटर आपणहून वाढवतो. नव्या मशीनमध्ये ही उत्तम सोय होती. चाळीस वर्षांनी कनेक्टर काळा पडला की तोच रेग्युलेटर दामटत राहतो आणि तापतो. मिडवेच्या पॅक-मॅनचं दुखणं वेगळं. त्यात ७ व्होल्ट एसी थेट बोर्डात जाते आणि डीसी तिथेच होते, त्यामुळे कडेच्या कनेक्टरच्या पिना करपलेल्या सापडणं ठरलेलं. करपलेला कनेक्टर घासू नका, बदला. आणि कंटाळा करून वायरी थेट बोर्डाला सोल्डर करणाऱ्यांशी मी बोलत नाही.

साफसफाईला शाळेतलं खोडरबर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. पॉलिश पेपर नको. पिनांवरचा सोन्याचा मुलामा एकदा गेला की तांबं पुढच्या पावसाळ्यात पुन्हा काळं.

फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी सापडली तर हसून सोडून देऊ नका. ती कुणीतरी का लावली याचं कारण मशीनमध्ये अजून बसलेलं असतं. ट्रान्सफॉर्मरच्या मशीनला 'टी' छापलेला, सावकाश उडणारा फ्यूज लागतो. चटकन उडणारा 'एफ' लावलात तर स्विच टाकतानाच उडेल आणि तुम्ही उगाच शॉर्ट शोधत बसाल.

सप्लायवर ११५/२३० चा सरकता स्विच असेल तर आधी तो बघा. ११५ वर ठेवून आपल्या विजेला लावलात तर आतले कपॅसिटर दिवाळी करतात. जपानी मशीन १०० व्होल्टचं असतं, त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच.

जामा कनेक्टरमध्ये सातव्या जागी खाच-कळ, म्हणजे कनेक्टर उलटा बसू न देणारी आडकाठी असते. ती हरवली असेल तर नवी घाला. उलटा बसला तर +१२ सरळ दोन नंबरच्या बटणाच्या पिनांवर जातात.

सुटा सप्लाय टेबलावर लोडशिवाय मोजून 'खराब' ठरवणारेही भेटतात. स्विचिंग सप्लायला काहीतरी ओढणारं लागतं. मी +५ वर गाडीच्या ब्रेक लाइटचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब लावतो. तो साधारण एक अँपिअर ओढतो आणि लालसर पेटून कळवतोही. एवढ्यावर आकडा टिकला तरी पुढे एसी रेंजवर रिपल, म्हणजे डीसीत उरलेली थरथर बघा. ५० मिलिव्होल्टच्या वर असेल तर कपॅसिटर वाळलेत. स्वस्त मीटर डीसीलाच एसी समजून भलता आकडा दाखवतात, तेव्हा मध्ये एक छोटा कपॅसिटर ठेवा.

कॉम्प्युटरचा एटीएक्स सप्लाय लावू का, हा प्रश्न दर महिन्याला येतो. लावा, पण त्यात +५ पिळायची सोय नाही आणि नव्या सप्लायमध्ये −५ नसतंच. ४११६ रॅमच्या जुन्या बोर्डाला −५ शिवाय +१२ दिलेत तर रॅम मरते, मग मला फोन करू नका.

आणि हे सगळं करताना घाई नको. २३० व्होल्टवर चालणाऱ्या स्विचिंग सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असते, आणि ती प्लग काढल्यावरही काही काळ राहते. मी रेझिस्टरने उतरवतो, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडत नाही. शेजारी पिक्चर ट्यूब आहे, तिच्या अ‍ॅनोडवर वीसेक हजार. मॉनिटरची चासी बहुतेकदा हॉट, म्हणजे थेट मेन्सला जोडलेली असते, तेव्हा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर 'जागा खातो' म्हणून काढून टाकू नका. चालू मशीनमध्ये मोजताना माझा डावा हात खिशात असतो.

रत्नागिरीच्या त्या मशीनच्या मागच्या दारावर आतून आता एक कागद चिकटवलाय. तारीख, बोर्डावर ५.०२, स्क्रूवर ५.११. गेल्या पावसाळ्यानंतर उघडलं तेव्हा स्क्रूवर तेवढेच होते, बोर्डावर ४.९४. खोडरबर शोधायला उठलो.