रस्त्यावरच्या पाट्या आणि बाण वाचताना या चुका टाळा

क्लच, गिअर, ब्रेक हे सरावाने जमतं, पण पुढची पाटी वाचून वेळेत लेन पकडणं इथे नवीन शिकणाऱ्यांची खरी तारांबळ उडते.

पहिली चूक म्हणजे पाटीवरचं सगळंच वाचत बसणं. ताशी ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणजे तीन सेकंद वर बघत राहिलात तर ५० मीटर रस्ता न बघताच गेला. निघायच्या आधीच ठरवा कुठलं नाव आणि कुठला रोड नंबर शोधायचाय, मग पाटी दिसली की फक्त तेवढं आणि त्याचा बाण. गाव छोटं असेल तर लांबच्या पाट्यांवर त्याचं नाव सापडणारच नाही, तिथे त्या दिशेचं मोठं शहर लिहिलेलं असतं, ते आधी बघून ठेवा.

माझी भाची शिकत होती तेव्हा मी शेजारी बसलेलो. पुढे रस्ता फुटत होता, वरच्या कमानीवर दोन पाट्या, एकीवर सरळ खाली तोंड केलेला बाण आणि दुसरीवर तिरका. तिला वाटलं खाली बाण म्हणजे पुलाखालून जायचंय, मग गोंधळून तिने दोन्ही रस्त्यांच्या मधल्या तिरक्या पांढऱ्या पट्ट्यांवर गाडी थांबवली आणि मागून ट्रक जोरात हॉर्न देत अगदी घासून गेला. दोघंही घामाघूम! अशा कमानीवर खालचा बाण म्हणजे "या नावासाठी ही लेन", आणि तिरका म्हणजे या लेनमधून बाहेर पडा. आणि ती तिरक्या पट्ट्यांची जागा थांबायला नसतेच, कधीच नाही.

रंगावर भिस्त ठेवू नका, तो देशागणिक बदलतो. ब्रिटनमध्ये मोटरवेच्या, म्हणजे तिथल्या एक्स्प्रेसवेच्या, पाट्या निळ्या आणि मुख्य रस्त्यांच्या हिरव्या, इटलीत बरोब्बर उलटं. आकार जास्त भरवशाचा, रस्त्यावरच्या चिन्हांबद्दलच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारामुळे बऱ्याच देशांत तो सारखा आहे. निळ्या गोलातला बाण म्हणजे तिकडेच जायचं, तो हुकूम आहे, आणि निळ्या चौकोनातला बाण नुसती माहिती देतो. या दोघांत गल्लत फार होते.

रस्त्यावर रंगवलेल्या बाणांचं म्हणाल तर चूक उशिराची असते. चौकाआधी लेनमधला तुटक पट्टा सलग होतो, लेन बदलायची ती त्याच्या आधी, इंडिकेटर देऊन. सलग पट्टा लागला आणि तुम्ही उजव्या बाणाच्या लेनमध्ये असाल तर जायचं होतं सरळ तरी उजवीकडेच वळा. मागच्या माणसाने तुमचा बाण बघूनच अंदाज बांधलेला असतो हो.

एक्झिट चुकला तर ब्रेक मारू नका आणि रिव्हर्स तर अजिबात घेऊ नका, पुढच्या एक्झिटवरून फिरून या, दहा-पंधरा मिनिटं गेली तर जाऊ देत. मोठ्या रस्त्यांवर वळल्यानंतर थोडं पुढे बहुतेक वेळा अजून एक पाटी येते, रोड नंबर आणि अंतरं लिहिलेली, शिकणारे ती बघतच नाहीत. ती नक्की बघा, तुमचा नंबर तिथे नसेल तर चूक लगेच कळते, वीस किलोमीटर गेल्यावर नाही.