ओल्या थंडीत कॅम्पिंगला कुठल्या स्टीलचा चाकू घ्यावा
स्कॉटलंडच्या हिवाळ्यात कॅम्पिंगला जाणार असाल तर कार्बन स्टीलचा चाकू नका घेऊ, दिवसभर पाऊस, म्यान ओलं, सकाळी बघावं तर पात्यावर तांबूस डाग. डी२ नावाचं टूल स्टील पण टाळा, त्यात क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं खरं पण कार्बनही दीड टक्का, तो बरंचसं क्रोमियम खाऊन टाकतो मग गंज अडवायला उरतं कमी. स्वस्तात बेस्ट म्हणजे सँडविक (आता अलेमा) या स्वीडिश कंपनीचं १२सी२७ स्टील नाहीतर १४सी२८एन, दुसऱ्यात थोडा नायट्रोजन असतो त्यामुळे गंज अजूनच कमी धरतो आणि धारही पटकन लागते. ओपिनेल हा फ्रेंच घडीचा चाकू घेताना पात्यावर ‘इनॉक्स’ (म्हणजे स्टेनलेस) लिहिलंय का नक्की बघा, कार्बनवाला साधारण तसाच दिसतो. आणि प्लीज, ओला चाकू लेदरच्या म्यानात घालून झोपू नका, स्टेनलेस असला तरी!